धाटावच्या लघु रसायन उद्योजकांचे व तंत्रज्ञांचे मागणीपत्र : नवोपक्रम धोरण रिअ‍ॅक्टरपर्यंत पोहोचवा

प्रति,
मा. सचिव, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. प्रधान सचिव (उद्योग), महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ; महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ; जिल्हाधिकारी, रायगड

विषय : धाटाव (ता. रोहा, जि. रायगड) येथे सामाईक पायलट प्लांट उभारणे आणि चाचणी उत्पादनासाठी मुदतबद्ध परवानगी देणे याबाबत.

महोदय / महोदया,

धाटाव औद्योगिक क्षेत्रात रसायने, रंगद्रव्ये आणि औषधांचा कच्चा माल बनवणारे आम्ही लहान कारखानदार आणि आमच्या कारखान्यांतले केमिस्ट, सुपरवायझर व ऑपरेटर मिळून हे मागणीपत्र सादर करत आहोत. आमची मुख्य मागणी विषयात आलीच आहे. बाकीच्या मागण्या तिच्याच पोटातल्या आहेत. ही मागणी धाटावच्या सोयीपुरती नाही. देशाच्या नवोपक्रम धोरणात जी जागा रिकामी राहिली आहे ती आमच्या वसाहतीत रोज दिसते, म्हणून ती आम्ही मांडतो आहोत.

या धोरणाने देशाला बरेच दिले आहे, हे आधी नोंदवतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. संसदेपुढे विज्ञान धोरणाचा ठराव १९५८ मध्ये आला, त्यानंतर १९८३, २००३ आणि २०१३ ची धोरणे आली. मुंबईत १९३३ पासून, आणि पुढे माटुंग्याला, रसायन तंत्रज्ञान शिकवले जाते, आणि कोकणातल्या वसाहतींमध्ये तिथून शिकून आलेली माणसे आजही कारखाने चालवतात. अलीकडचे पाहिले तर २०१६ मध्ये स्टार्टअप इंडिया आणि अटल इनोव्हेशन मिशन सुरू झाले, दहा हजार शाळांत टिंकरिंग लॅब पोहोचल्या, लघुउद्योगांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली. जागतिक नवोपक्रम निर्देशांकात २०१५ साली ८१ व्या क्रमांकावर असलेला भारत २०२५ मध्ये ३८ व्या क्रमांकावर आला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे.

मात्र आमच्यासारख्यांच्या आयुष्यात सर्वांत मोठा फरक पाडला तो वेगळ्याच ठिकाणी झालेल्या एका निर्णयाने. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधे, अन्न आणि रासायनिक प्रक्रियेने बनणारे पदार्थ यांच्या बाबतीत पेटंट पदार्थावर न देता प्रक्रियेवर दिले. पदार्थ तोच, पण तो बनवण्याचा आपला वेगळा रस्ता शोधला तर तो विकायला मोकळीक. १९७२ पासून हा कायदा लागू झाला आणि पुढच्या तीस वर्षांत भारतीय केमिस्ट प्रक्रिया बदलण्यात तरबेज झाला. कमी पायऱ्या, स्वस्त सॉल्व्हंट, जास्त यील्ड, मदर लिकरमधून माल परत मिळवणे, हे सगळे कौशल्य त्या काळात कमावले गेले. धाटाव, महाड, लोटे, तारापूर या वसाहतींच्या वाढीमागे हे कौशल्य आहे. धोरण कारखान्याच्या जमिनीवर नीट बसले की काय घडते याचा यापेक्षा मोठा पुरावा आमच्याकडे नाही. १ जानेवारी २००५ पासून पदार्थाचे पेटंट परत आले. तेव्हापासून आमच्यासमोरचा प्रश्न बदलला : आता दुसऱ्याच्या पदार्थाला नवा रस्ता शोधून भागत नाही, आपला पदार्थ किंवा आपली खरोखर सरस प्रक्रिया लागते. प्रश्न बदलला, पण लहान कारखान्याच्या हातातली साधने तीच राहिली.

ती साधने कोणती? तीन-चार रिअ‍ॅक्टर, एक सेंट्रिफ्यूज, एक ड्रायर, एक बॉयलर आणि एक छोटी प्रयोगशाळा. प्रयोगशाळेत अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये एखादी अभिक्रिया जमते. तीच तीन हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये घ्यायची म्हटले की पदार्थविज्ञान आडवे येते. भांडे मोठे होते तसे आतल्या मालाचे आकारमान घनाच्या पटीने वाढते आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वर्गाच्या पटीने. फ्लास्कमध्ये बर्फाच्या पाण्याने सहज आवरणारे नायट्रेशन मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये जॅकेटच्या थंडाव्याला जुमानत नाही. तापमान चढू लागते, चढत्या तापमानाने वेग वाढतो, वाढत्या वेगाने तापमान आणखी चढते. म्हणून मधला टप्पा, म्हणजे पायलट प्लांट, लागतो : पन्नास, शंभर, दोनशे लिटरची काचेची आणि पोलादाची भांडी, अभिक्रियेतून किती उष्णता सुटते हे मोजणारे कॅलोरीमीटर, नेमके मिश्रण सांगणारी जीसी आणि एचपीएलसी यंत्रे, सॉल्व्हंट परत मिळवायचा छोटा कॉलम, आणि ही सगळी यंत्रे वाचता येणारी माणसे. मोठी कंपनी हे स्वतः उभारते. तीन रिअ‍ॅक्टरच्या कारखान्याला एकटे कॅलोरीमीटर घेणेही झेपत नाही, आणि घेतले तरी वर्षातले बहुतेक दिवस ते झाकूनच राहील.

परिणाम असा होतो की लहान कारखानदार दोनपैकी एक रस्ता धरतो. एक तर नवे काही करतच नाही, जुने जॉब वर्क करत राहतो आणि चीनच्या दरापुढे दरवर्षी थोडा थोडा मागे पडतो. नाहीतर फ्लास्कवरून थेट उत्पादनाच्या रिअ‍ॅक्टरवर उडी घेतो. दुसऱ्या रस्त्यात माणसांचा जीव पणाला लागतो.

सुरक्षिततेचा विषय इथे मुद्दाम काढतो. डिसेंबर २०२४ मध्ये धाटावातल्या एका कारखान्यात मिथेनॉलच्या टाकीचा स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. त्या घटनेच्या कारणांवर भाष्य करणे आमचे काम नाही, ते चौकशी यंत्रणांचे आहे. पण आमच्यातला प्रत्येक ऑपरेटर, प्रत्येक केमिस्ट जाणतो की ज्वालाग्राही सॉल्व्हंट आणि उष्णता सोडणाऱ्या अभिक्रिया घेऊन जगणाऱ्या वसाहतीत प्रक्रिया सुधारणे हाच सुरक्षिततेचा पहिला उपाय आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी यांच्या गटाने सूक्ष्म नळ्यांमधून सतत वाहती अभिक्रिया घडवणाऱ्या रिअ‍ॅक्टरवर काम केले आहे. अशा पद्धतीत कोणत्याही क्षणी अभिक्रियेत असलेला माल अगदी थोडा असतो, त्यामुळे उष्णता आवरता येते आणि काही बिघडलेच तर हानी मर्यादित राहते. हे ज्ञान आपल्या देशात, आपल्याच राज्यात, घाट चढला की तिथेच उपलब्ध आहे. ते धाटावच्या शेडपर्यंत यायला मधे कोणतीही जागा नाही, जिथे आमचा ऑपरेटर ती यंत्रणा स्वतःच्या मालावर चालवून पाहील आणि मग मालकाला सांगेल की हे आपल्याला जमेल.

आता पैशाकडे येतो. भारत संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास, चीन अडीच टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडच्या खर्चात खाजगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडासाच जास्त आहे. रसायन उद्योगाचे चित्र तर आणखी बोलके आहे : नीती आयोगाच्या जुलै २०२५ च्या अहवालानुसार भारतीय रसायन उद्योग संशोधनावर ०.७ टक्के खर्च करतो, जागतिक सरासरी २.३ टक्के आहे. हे आकडे वाचून उद्योजकाला दोष देणे सोपे आहे. तो खर्च नेमका कुठे, कशावर करायचा, याची सोय वसाहतीत नसेल तर टक्का वाढणार कसा, हे कोणी विचारत नाही.

सरकारने गेल्या काही वर्षांत मोठ्या तरतुदी केल्या आहेत. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा आराखडा मांडला गेला, त्यातला मोठा हिस्सा खाजगी व अन्य बिगरसरकारी स्रोतांतून येणे अपेक्षित आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. दीर्घ मुदतीचे कमी व्याजाचे कर्ज किंवा भागभांडवल असे तिचे रूप आहे, आणि ती बऱ्यापैकी पुढच्या टप्प्यावर पोहोचलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. दोन्ही गोष्टींचे आम्ही स्वागत करतो. पण पहिल्या तरतुदीचा ओघ विद्यापीठे आणि प्रयोगशाळांकडे आहे, दुसरीचा ओघ तयार होत आलेल्या तंत्रज्ञानाकडे. त्या दोहोंच्या मधल्या कामाला, म्हणजे फ्लास्क ते दोनशे लिटर या प्रवासाला, ज्यात दहापैकी काही प्रयत्न फसणारच, त्याला कर्ज कोण देणार आणि लहान भागीदारी संस्था ते कशाच्या जोरावर घेणार?

आयकरातल्या सवलतीचेही तेच झाले. कारखान्याच्या स्वतःच्या संशोधन केंद्रावरच्या खर्चाला एके काळी दुप्पट वजावट मिळे, २०१७ पासून ती दीडपट झाली आणि १ एप्रिल २०२० पासून वाढीव भाग संपला. ती वजावट मुळात कंपन्यांनाच होती आणि त्यासाठी मान्यताप्राप्त अंतर्गत संशोधन केंद्र लागे. धाटावसारख्या वसाहतींमधल्या भागीदारी आणि मालकी संस्थांना ती कधी मिळालीच नाही.

मोठ्या उद्योगाला संशोधनाची ताकद कुठवर नेते, हे पाहायला आम्हाला लांब जावे लागत नाही. पुण्याची सुदर्शन केमिकल, जिचा रंगद्रव्यांचा कारखाना धाटावात आहे, तिने मार्च २०२५ मध्ये जर्मनीचा ह्यूबाख समूह विकत घेतला. ह्यूबाखची भारतातली कंपनी म्हणजे पूर्वीची क्लॅरियंट केमिकल्स, तिचाही कारखाना रोह्यातच आहे. दोनशे वर्षांची परंपरा सांगणारा जर्मन रंगव्यवसाय कोकणात कारखाना चालवणाऱ्या कंपनीकडे येतो, ही आम्हाला आनंदाची गोष्ट वाटते. त्याच जिल्ह्यात याच्या उलट उदाहरणही आहे. देश मूलभूत सेंद्रिय रसायनांत स्वयंपूर्ण व्हावा म्हणून १९६० मध्ये हिंदुस्थान ऑर्गेनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि रसायनीला तिचा कारखाना उभा राहिला. वर्षानुवर्षे तोट्यात गेल्यावर २०१७ मध्ये केंद्र सरकारने रसायनीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यातला रॉकेटच्या इंधनासाठी लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा एक प्लांट तेवढा इस्रोकडे सोपवला गेला. देशाला ज्याची नड होती तो भाग टिकला, बाकी सगळे कौशल्य विखुरले. पुन्हा असे होऊ नये, एवढीच आमची तळमळ आहे.

आणि नदी. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिका बारमाही वाहते. तिच्याच काठावर ही वसाहत वसली आणि तिच्याच खाडीच्या काठावर मासेमारीवर जगणारी गावे आहेत. रोहा आणि मुरूड तालुक्यांतल्या १७ गावांच्या जमिनीवर औषध कच्च्या मालाचे मोठे उद्यान उभारण्याचा प्रस्ताव आला तेव्हा शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. केंद्राच्या ३,००० कोटींच्या योजनेतली तीन उद्याने २०२२ मध्ये हिमाचल प्रदेश, गुजरात आणि आंध्र प्रदेशाला गेली. काहींनी त्या विरोधाला विकासविरोध म्हटले. आम्ही तसे म्हणणार नाही. नदीकाठच्या माणसाने रसायन उद्योग पाण्यातून ओळखला आहे, जमीन द्यायची की नाही हे तो त्याच ओळखीवरून ठरवतो. नव्या वसाहतीसाठी जमीन मागण्याआधी जुन्या वसाहतीतला एफ्लुअंट मुळातून कमी करून दाखवणे हे सरकारचे आणि आमचे दोघांचे कर्तव्य आहे. सांडपाणी सामाईक शुद्धीकरण केंद्राला (सीईटीपीला) पाठवण्याआधीच ते कमी निर्माण व्हावे, यासाठी प्रक्रियाच बदलावी लागते, आणि प्रक्रिया बदलायला पायलट प्लांट लागतो. म्हणून आमची मागणी नदीचीही मागणी आहे.

परवानगीचा पेच थोडक्यात असा. पर्यावरण मंजुरीच्या नियमांत २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने उत्पादनांच्या यादीत बदल करताना प्रदूषणाचा भार वाढत नसेल तर नव्याने पर्यावरण मंजुरी लागू नये अशी तरतूद केली. चांगली तरतूद आहे. पण भार वाढत नाही हे सांगायला चाचणीची बॅच घ्यावी लागते, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीच्या (कन्सेंटच्या) यादीत नसलेल्या मालाची बॅच घ्यायची तर भार आधी सांगावा लागतो. या चक्रातून बाहेर पडायला लहान कारखान्याचा वेळ आणि सल्लागाराची फी दोन्ही खर्ची पडतात, आणि तोवर ग्राहक दुसरीकडे गेलेला असतो.

या सर्वांवरून आमच्या मागण्या अशा :

पहिली आणि मुख्य. धाटावात महामंडळाच्या भूखंडावर सामाईक पायलट प्लांट उभारावा. त्यात किलो लॅब, वीस ते पाचशे लिटरचे रिअ‍ॅक्टर, सतत वाहत्या अभिक्रियेची यंत्रणा, अभिक्रिया कॅलोरीमीटर, विश्लेषणाची यंत्रे आणि स्वतःचे सांडपाणी शुद्धीकरण असावे. जर्मनीतल्या लॉयना रसायन वसाहतीत फ्राउनहोफर संस्थेने २०१२ मध्ये अशाच प्रकारच्या कामाचे केंद्र वसाहतीच्या आतच सुरू केले. वसाहतीतले पाइप, तिथली वाफ आणि तिथली माणसे दुसरीकडे हलवता येत नाहीत. आपल्याकडेही केंद्र वसाहतीतच हवे, पुण्या-मुंबईत नको. तांत्रिक नेतृत्व राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था यांच्याकडे असावे. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आमच्याच जिल्ह्यातले, त्याचे विद्यार्थी आणि प्राध्यापक रोजच्या कामात असावेत. व्यवस्थापन मंडळात लघुउद्योजक, कामगार प्रतिनिधी आणि कुंडलिकाकाठच्या ग्रामपंचायतींचा प्रतिनिधी यांना जागा असावी. वापराचे शुल्क तासावर असावे, म्हणजे तीन रिअ‍ॅक्टरचा कारखानाही ते भरू शकेल.

दुसरी. या केंद्रात घेतल्या जाणाऱ्या ठरावीक मर्यादेच्या चाचणी बॅचना स्वतंत्र चाचणी कन्सेंट असावे. अर्ज पूर्ण मिळाल्यापासून तीस दिवसांत निर्णय व्हावा. चाचणीत मोजलेला प्रदूषण भार हाच पुढच्या अर्जाचा आधार मानावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी चाचणीला हजर राहिला तर आम्हाला हवेच आहे. नियम ढिले करा असे आम्ही म्हणत नाही. मोजमाप आधी आणि परवानगी त्या मोजमापावर, एवढा क्रम लावून द्या.

तिसरी. अशा सामाईक केंद्रात केलेल्या संशोधन खर्चावर लघुउद्योगांना, भागीदारी व मालकी संस्थांसकट, दीडपट वजावट मिळावी. त्यासाठी स्वतःच्या संशोधन केंद्राची अट नसावी.

चौथी. एक लाख कोटींच्या योजनेतला छोटासा हिस्सा वेगळा काढून वसाहतींमधल्या पायलट प्लांटसाठी अनुदानरूपाने द्यावा. कंपनी कायद्यातल्या २०१९ च्या बदलाने सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी सार्वजनिक विद्यापीठे आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या संशोधनाला देता येतो. धाटावच्या मोठ्या कंपन्यांना शासनाने या केंद्रासाठी बोलावून घ्यावे. आम्हीही आमच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी भरू.

पाचवी, भाषेबाबत. पेटंट कार्यालयात कागदपत्रे इंग्रजी किंवा हिंदीतच दाखल होतात. आमच्या वसाहतीत यील्ड वाढवायची सूचना बऱ्याचदा रात्रपाळीच्या ऑपरेटरकडून येते, आणि ती मराठीत येते. अटल इनोव्हेशन मिशनने अनुसूचित २२ भाषांमध्ये नवोपक्रम नेण्यासाठी ३० केंद्रांचा कार्यक्रम आखला आहे. त्याचा एक कोपरा या पायलट प्लांटमध्ये असावा, जिथे मराठीत सांगितलेल्या कल्पनेवरून पेटंटचा मसुदा तयार करून मिळेल आणि कल्पना देणाऱ्या कामगाराचे नाव संशोधक म्हणून लागेल.

सहावी मागणी आमच्या धंद्याबाहेरची वाटेल, तरी करतो. पेण आणि हमरापूर परिसरातल्या मूर्तिकारांसमोर प्लास्टर ऑफ पॅरिसचा प्रश्न वर्षानुवर्षे उभा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती विरघळवण्याची रीत काढली, पुण्यात ती वापरातही आली. तिच्यातून कॅल्शियम कार्बोनेट आणि खत म्हणून चालणारे अमोनियम सल्फेट मिळते. हे विसर्जनानंतरचे उत्तर झाले. मूर्ती घडवतानाच प्लास्टरइतके हलके, मजबूत, पण पाण्यात निर्धोक विरघळणारे साहित्य मिळाले तर पेणच्या हजारो घरांची चूल सुरक्षित होईल. त्याचा शोध धाटावच्या याच पायलट प्लांटमध्ये, मूर्तिकारांना सोबत घेऊन लागावा. जिल्ह्यात रसायनशास्त्र जाणणारी एवढी माणसे असताना पेणने दुसरीकडे का पाहावे?

महोदय, डिसेंबर २०२० मध्ये देशाच्या पाचव्या विज्ञान, तंत्रज्ञान व नवोपक्रम धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, त्याचे अंतिम धोरण झाले नाही. जे धोरण पुढे होईल त्यात 'औद्योगिक वसाहतींमधील सामाईक प्रायोगिक संयंत्रे' असे स्वतंत्र प्रकरण असावे आणि पहिले संयंत्र धाटावात उभे राहावे, अशी आमची विनंती आहे. आपल्या विभागांचे अधिकारी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे तज्ज्ञ यांची संयुक्त पाहणी येत्या तीन महिन्यांत धाटावात व्हावी. पाहणीसाठी लागणारी प्रक्रियांची, सांडपाण्याची आणि अपघातांची माहिती आम्ही आमच्या कारखान्यांकडून गोळा करून देऊ. या पत्राचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
धाटाव औद्योगिक क्षेत्रातील लघु रसायन उद्योजक, केमिस्ट व कामगार